दिव्यांग मुलांच्या उपचाराचा दावा खरा की खोटा? मोबाईलवर मोफत तपासा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला ‘हमखास चालतं करतो’ असं सांगून पैसे मागणारे कुठेही भेटतात. पैसे देण्याआधी अशा उपचारावर संशोधन झालंय का, हे पालकांना घरबसल्या पाहता येतं.

पेड्रो : फिजिओथेरपीवरील संशोधनाची ही मोफत सूची ऑस्ट्रेलियातील सिडनी येथून १९९९ पासून चालते. यात उपचारांच्या चाचण्यांना १० पैकी गुण दिलेले असतात. मात्र गुण जास्त म्हणजे उपचार गुणकारी, असं समजू नका. चाचणी नीट पद्धतीने झाली, एवढाच त्याचा अर्थ. गुण आला की नाही, ते निष्कर्षात वाचा.

पबमेड : अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची. बहुतेक लेखांचा सारांश मोफत मिळतो. पूर्ण लेखासाठी ‘फ्री फुल टेक्स्ट’ हा पर्याय निवडा.

कसं शोधाल : शोध इंग्रजीतच घ्यावा लागतो. रिपोर्टवरचं आजाराचं स्पेलिंग जसंच्या तसं टाका, पुढे उपचाराचं नाव लिहा. मिळालेला सारांश जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टला दाखवा. मनाने उपचार सुरू किंवा बंद करू नका.

रॅम्पचंही माप आहे : शाळा, ग्रामपंचायतीतले रॅम्प कसे हवेत, हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत दिलंय. चढ १:१२ पेक्षा जास्त नको. म्हणजे १५ सेंमी उंच पायरीसाठी रॅम्प किमान १८० सेंमी लांब हवा. गावातला रॅम्प एकदा टेपने मोजून बघाच.