वर्गणीदाराचें कपाट

मराठी नियतकालिकांचा इतिहास सांगतांना संपादकांचें वर्णन पुष्कळ होतें, छापखानेवाल्यांचें थोडें होतें, आणि वर्गणीदाराचें बहुधा होतच नाहीं. वस्तुतः वर्षारंभीं पदरचे पैसे आगाऊ पाठवून, अजून लिहिलेही न गेलेल्या बारा अंकांवर विश्वास टाकणारा हा मनुष्य नसता, तर एकही मासिक दुसऱ्या वर्षांत पाऊल टाकतें ना. आज या वर्गणीदारापुढें एक निवड येऊन ठेपली आहे. बागकाम, विणकाम, पाककला, गिर्यारोहण, छायाचित्रण, तिकिटांचा संग्रह अशा एखाद्या आवडीच्या विषयाला वाहिलेलें मासिक त्यानें छापील स्वरूपांत टपालानें मागवावें, कीं तेंच मोबाईलच्या पडद्यावर वाचण्यासाठीं पैसे भरावे? प्रश्न घरगुती आहे आणि थोडक्या रुपयांचा आहे. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे: वर्गणी संपली म्हणजे घरांत काय उरतें?

इगतपुरी तालुक्यांतील घोटी हें गांव या विचारासाठीं उदाहरण म्हणून घेण्याजोगें आहे. मुंबईहून घाट चढून आलेला आग्रा रस्ता आणि लोहमार्ग या दोहोंच्या कांठीं तें वसलें आहे. भाताच्या गिरण्या आणि तांदळाची बाजारपेठ ही त्याची ओळख. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याच्या पायथ्याच्या बारी गांवाकडे जाणारी वाट येथूनच फुटते. १८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी वर इगतपुरीस पोंचली, तेव्हांपासून मुंबईचें टपाल या मुलुखांत लोखंडी रुळांवरून येऊं लागलें. या मुलुखाची दुसरी ओळख म्हणजे पाऊस. तो येथें चार महिने मुक्काम ठोकून असतो, आणि कागदाचा तो जुना वैरी आहे.

आगगाडीच्या पंचवीस वर्षे आधीचें, म्हणजे १८४० हें साल या कथेंत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं सुरू केलेला 'दर्पण' त्या सालीं थांबला, आणि त्यांनींच 'दिग्दर्शन' हें मासिक काढलें. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान अशा विषयांचें तें मासिक होतें. बातमी शिळी होते तसें त्याचें नव्हतें. त्याच सालीं नाशिकास सार्वजनिक वाचनालय स्थापन झालें. अंक ठेवून देण्याजोगा आणि तो ठेवण्याची जागा, अशा दोन गोष्टी एकाच वर्षीं जन्मास याव्या हा योगायोग खरा, पण मोठा सूचक योगायोग आहे. त्या काळींही साधन बदलण्याची शंका लोकांना छळीतच होती. छापण्याच्या शाईंत चरबी असते या समजुतीनें सोंवळीं माणसें छापील पोथीस हात लावीनात, तेव्हां मुंबईच्या गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई करून धर्मग्रंथ छापले असें सांगतात. पडद्यावर वाचल्यास वाचल्यासारखें वाटत नाहीं म्हणणाऱ्या आजच्या वाचकास हंसणाऱ्यांनीं ही गोष्ट आठवावी.

वर्गणीची पद्धति खऱ्या अर्थानें रुळली ती टपालखात्यामुळें. १८७७ सालीं व्हॅल्यू पेएबल, म्हणजे ज्यास लोक नुसतें 'व्ही. पी.' म्हणूं लागले, ती सोय हिंदुस्थानांत सुरू झाली. १८८० सालीं मनिऑर्डरचें काम टपालखात्यानें हातीं घेतलें. आतां खेड्यांतील मनुष्यास पुण्या-मुंबईचें मासिक मागविण्यास कोणाची ओळख नको कीं शिफारस नको. व्यवस्थापकांनींही या सोयीचा लाभ चतुराईनें घेतला. वर्ष संपत आलें कीं वेष्टनावर सूचना छापलेली असे: आपली वर्गणी संपली आहे, नकाराचें पत्र न आल्यास पुढील अंक व्ही. पी. नें रवाना करूं. नकाराचें पत्र लिहिण्याचा आळस हीच मासिकाची मिळकत! मात्र पोस्टमन दारीं आल्यावर घरधनी 'घेत नाहीं' म्हणून मोकळा होई, आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड मासिकाच्या डोक्यावर बसे. परत आलेल्या व्ही. पीं.ची कैफियत ज्यांत नाहीं असा जुन्या मासिकाचा वार्षिक हिशेब सांपडणें कठीण.

आजचें 'आपोआप नूतनीकरण' हें या व्ही. पी.चेंच नातवंड होय. फरक एवढाच कीं आतां दारीं कोणी उभा राहत नाहीं. पैसे परस्पर खात्यांतून जातात. रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२१ पासून अशा वजावटीपूर्वीं चोवीस तास आधीं ग्राहकास कळविण्याचें बंधन लागू केलें आहे. ती सूचना वाचण्याची तसदी जो घेत नाहीं तो न वाचलेल्या मासिकाचे पैसे वर्षानुवर्षें भरीत राहतो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांचें 'मनोरंजन' १८९५ सालीं निघालें, आणि १९०९ सालीं त्यांनीं दिवाळी अंकाची प्रथा घातली. पुढें विशिष्ट आवडीनिवडींसाठीं निराळीं मासिकें होऊं लागलीं. किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं सुरू केलेली 'किर्लोस्कर खबर' ही मुळांत कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठीं काढलेली पत्रिका. तिचेंच पुढें घरोघर जाणारें 'किर्लोस्कर' मासिक झालें. पुण्याच्या 'सृष्टिज्ञाना'नें १९२८ पासून विज्ञानाची आवड लावली. बडोद्याच्या 'व्यायाम' मासिकानें तालमीचें शास्त्र घरांत आणलें. अशा मासिकांचें वाचन कथा-कादंबरीच्या वाचनाहून वेगळें असतें. त्यांतील मजकूर हातांना करावयाचा असतो. विणीचा नमुना सुईच्या शेजारीं उघडा ठेवावा लागतो, लोणच्याची कृति चुलीजवळ, कलम बांधण्याचें चित्र झाडाखालीं. पानावर हळदीचें बोट उमटतें, कोपरा दुमडला जातो, समासांत पेन्सिलीनें 'मीठ कमी' असें लिहिलें जातें. दोन वर्षांनीं तोच प्रयोग पुन्हां करतांना छापील मजकुराइतकीच ही टीपही उपयोगीं पडते.

वर्ष भरलें म्हणजे बारा अंक एकत्र बांधून घेण्याची रीत होती. आजचें सारें अवलंबून आहे तें या क्षुल्लक दिसणाऱ्या रीतीवर. १८६७ सालीं निघालेला 'विविधज्ञानविस्तार' सत्तर वर्षें चालून १९३७ सालीं बंद पडला. 'मनोरंजन' १९३५ सालींच थांबलें होतें. कचेऱ्या मिटल्या, चालक गेले. तरी तीं मासिकें नाहींशीं झालीं नाहींत. कारण त्यांच्या प्रती शेंकडों कपाटांत आणि वाचनालयांत विखुरलेल्या होत्या. एका घरच्या खंडास वाळवी लागली तर दुसऱ्या गांवचा खंड शिल्लक असे. असा साठा व्हावा अशी योजना कोणी आंखलेली नव्हती. ज्यानें त्यानें आपापल्या पैशाची वस्तु जपली, एवढेंच. १९५४ सालच्या कायद्यानें छापील पुस्तकांची प्रत ठराविक ग्रंथालयांकडे पाठविणें प्रकाशकांवर बंधनकारक झालें, आणि १९५६ च्या दुरुस्तीनें नियतकालिकेंही त्यांत आलीं. पण हा कायदा छापील अंकासाठीं लिहिलेला आहे. केवळ पडद्यावर निघणाऱ्या मासिकाचा विचार त्यांत नाहीं.

छापील अंकाची बाजू येथवर भक्कम दिसली तरी तिचीं दुखणीं लपविण्यांत अर्थ नाहीं. घोटीच्या पावसाळ्यांत पानें दमट होतात, बुरशी धरतात, कसर लागते. मासिकांचा स्वस्त कागद आपल्याच अंगच्या आम्लानें पिवळा पडून कडकडीत होतो व पन्नास वर्षांनीं बोटांत तुटतो. टपालही पूर्वीचें राहिलें नाहीं. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्यें बंद झाली. २०२५ सालीं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टांत विलीन झालें. साध्या टपालानें टाकलेला अंक वाटेंत हरवला तर त्याची दाद लागणें कठीण, आणि खात्रीच्या टपालाचा खर्च कित्येकदां अंकाच्या किंमतीशीं स्पर्धा करतो. लहान मासिकांस हा भार सोसत नाहीं. वर्गणी वाढवावी तर वर्गणीदार गळतात.

उलट पडद्यानें जें दिलें तें थोडें नाहीं. १९९५ सालीं भारतांत इंटरनेट सर्वांस खुलें झालें, आणि २०१६ नंतर तें इतकें स्वस्त झालें कीं लहान गांवांतील मुलाच्या हातींही आलें. बालभारतीचें 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ मध्यें सुरू झालें. त्याचे जुने अंक संस्थेनें संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. ज्यांच्या घरचे 'किशोर' रद्दींत गेले, त्यांना आपल्या बालपणचें पान पुन्हां उघडतां येतें, आणि घोटींतील मुलास तेंच पान मुंबईच्या मुलाइतक्याच सहजपणें मिळतें. वृद्धास अक्षर मोठें करून वाचतां येतें. परदेशीं गेलेल्या लेकीस अंकाची वाट पाहावी लागत नाहीं. शोधावयाचा शब्द टंकिला कीं दहा वर्षांच्या अंकांतून तो क्षणांत सांपडतो. बांधीव खंडाची सूचि चाळतांना यासाठीं सबंध दुपार जाई.

मात्र 'किशोर'चे अंक खुले ठेवलेले आहेत, आणि विकत घेतलेली पडद्यावरील वर्गणी ही निराळीच वस्तु आहे, हें विसरतां कामा नये. तेथें मनुष्य अंक विकत घेत नाहीं. तो वाचण्याची परवानगी घेतो. मायक्रोसॉफ्टनें आपलें पुस्तकांचें डिजिटल दुकान २०१९ सालीं बंद केलें, तेव्हां ग्राहकांनीं पैसे देऊन घेतलेलीं पुस्तकें त्यांच्या यंत्रांतून नाहींशीं झालीं. कंपनीनें पैसे परत केले हें खरें. पुस्तकें परत आलीं नाहींत. ॲमेझॉननें किंडलवरील मासिकांच्या वर्गणीचें दालन सप्टेंबर २०२३ मध्यें मिटलें. १८७२ सालीं न्यूयॉर्क येथें निघालेलें 'पॉप्युलर सायन्स' हें हौशी विज्ञानप्रेमींचें नामांकित मासिक २०२१ सालीं छपाई सोडून केवळ पडद्यावर गेलें, आणि २०२३ सालीं मासिक म्हणून तें संपलें. उलट 'न्यूजवीक'नें २०१२ च्या अखेरीस छपाई थांबविली आणि २०१४ सालीं पुन्हां सुरू केली. छपाईचा खर्च वांचला म्हणून मासिक वांचतें असें या दाखल्यांवरून म्हणतां येत नाहीं.

तेव्हां घोटीच्या गृहस्थानें काय करावें? बातमीवजा मजकूर, बाजारभाव, नव्या कॅमेऱ्यांच्या किंमती, स्पर्धांचे निकाल, हें सारें त्यानें खुशाल पडद्यावर वाचावें. तें जपून ठेवण्यांत शहाणपण नाहीं. जुने अंक धुंडाळावयाचे असतील तर पडद्यासारखें साधन नाहीं. पण ज्या मासिकांतून हातांनीं कांहीं शिकावयाचें आहे, जें मुलांपर्यंत पोंचावें असें वाटतें, तें एक तरी छापील घ्यावें. कळसूबाईच्या वाटेवर रेंज असेलच असा भरंवसा नाहीं, आणि तेथें नकाशाचें पान खिशांतून काढून चौघांना एकदम दाखवितां येतें. पडद्याची वर्गणी घ्यावयाची तर अंक उतरवून घेण्याची मुभा आहे काय, वर्गणी संपल्यावर ते उघडतात काय, एवढ्या दोन गोष्टी पैसे भरण्याआधीं विचारून घ्याव्या. पुष्कळ ठिकाणीं त्यांचें उत्तर बारीक अक्षरांत दिलेलें असतें.

छापील वर्गणीची निवड करणाऱ्यास मात्र जुनें काम चुकत नाहीं. पावसाळा उलटून भाद्रपदांत पहिलें कोरडें ऊन पडलें कीं खंड बाहेर काढावे लागतात, एकेक उघडून उन्हांत उभे करावे लागतात, आणि कपाटांतील वेखंड बदलावें लागतें.