जनरल सुनीत रॉड्रिग्स : सैन्यातून प्रशासनात

जनरल सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्स (१९ सप्टेंबर १९३३ – ४ मार्च २०२२) हे भारतीय लष्कराच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचलेले गोमंतकीय. कुळ गोव्याचे असले तरी त्यांचा जन्म आणि शालेय शिक्षण मुंबईत झाले. १९४९ मध्ये ते देहराडूनच्या लष्करी प्रशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि डिसेंबर १९५२ मध्ये तोफखान्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. पुढे विमानातून तोफांच्या माऱ्याचे निरीक्षण करणारा वैमानिक म्हणूनही त्यांनी पात्रता मिळवली. लष्कराचे उपप्रमुख आणि पश्चिम विभागाचे सेनापती ही पदे भूषवून १ जुलै १९९० रोजी त्यांनी लष्करप्रमुखपदाची सूत्रे स्वीकारली व ३० जून १९९३ रोजी ते निवृत्त झाले.

तो तीन वर्षांचा काळ सोपा नव्हता. परकीय गंगाजळी आटलेली, संरक्षण खर्चाला कात्री लागलेली, आणि काश्मीर व पंजाब या दोन्ही राज्यांत लष्कर अंतर्गत सुरक्षेसाठी तैनात. फेब्रुवारी १९९२ मधील पंजाब विधानसभेची निवडणूक लष्कराच्या बंदोबस्तातच पार पडली. लष्करात वैद्यकीय व परिचर्या शाखांच्या बाहेर महिलांना अधिकारी म्हणून प्रवेश देण्याचा निर्णयही याच कारकिर्दीतला.

तथापि त्यांचे नाव देशभर गाजले ते १९९२ च्या मार्चमध्ये एका इंग्रजी दैनिकाला दिलेल्या मुलाखतीमुळे. सुशासन हा विषय लष्कराच्याही कक्षेत येतो, अशा आशयाचे विधान त्यांनी त्यात केले. सेनापतीने राज्यकारभाराविषयी मत द्यावे हे संसदेला मानवणारे नव्हते. विरोधकांनी गदारोळ केला आणि तत्कालीन संरक्षणमंत्री शरद पवार यांना ते प्रकरण सावरावे लागले. जनरलसाहेबांचे म्हणणे एवढेच होते की, कारभार बिघडला की शेवटी निस्तरायला सैनिकालाच बोलावले जाते. वस्तुस्थिती म्हणून ते खोटे नव्हते. पण लोकशाहीत ते कोणी बोलावे, हाच खरा प्रश्न होता.

निवृत्तीनंतर ते गोव्यात राहिले. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळावर त्यांनी दोन वेळा काम केले आणि गोवा विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाचेही ते सदस्य होते. १६ नोव्हेंबर २००४ रोजी त्यांनी पंजाबच्या राज्यपालपदाची शपथ घेतली. चंडीगड त्यांना नवे नव्हते. पश्चिम विभागाचे मुख्यालय शहरालगतच्या चंडीमंदिर येथे आहे, आणि तेथूनच ते लष्करप्रमुखपदी गेले होते.

येथे एक घटनात्मक बारकावा ध्यानात घेणे आवश्यक आहे. पंजाबात राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे असते. चंडीगड मात्र केंद्रशासित प्रदेश. १९८४ पासून पंजाबचा राज्यपालच तेथील प्रशासक असतो, आणि विधानसभा नसल्याने कारभाराची मुख्य सूत्रे त्याच्याच हाती असतात. गोमंतकीयांना हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. मुक्तीनंतर १९६२ च्या जूनपर्यंत मेजर जनरल कँडेथ यांनी लष्करी राज्यपाल म्हणून येथला कारभार पाहिला. १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवटीचे काही महिने लेफ्टनंट जनरल जेकब यांच्या हाती राज्य होते. तेच जेकब नंतर दोनापावलच्या राजभवनातून थेट चंडीगडला गेले. गोव्यातल्या या दोन्ही राजवटी अल्पकालीन ठरल्या. चंडीगडमध्ये मात्र ती नित्याची व्यवस्था आहे, आणि रॉड्रिग्स यांच्या वाट्याला ती पाच वर्षांहून अधिक काळ आली.

त्यांनी तो काळ हातावर हात ठेवून काढला नाही. माहिती तंत्रज्ञान उद्यानाचे उद्घाटन २००५ मध्ये झाले. २००६ च्या लघुसदनिका योजनेत अठरा झोपडवस्त्यांचे पुनर्वसन ठरले आणि त्यासाठी २५,७२८ सदनिकांचा आराखडा तयार झाला. झोपडपट्टीधारकांची बोटांच्या ठशांसह नोंद घेऊन पात्रता ठरवण्याची पद्धत तेव्हा नवीच होती. या कारकिर्दीतले सर्वांत टिकाऊ काम कोणते, असे विचारले तर या योजनेकडेच बोट दाखवावे लागेल.

वाद ओढवला तो मोठ्या प्रकल्पांवरून. चित्रनगरी, मनोरंजन उद्यान, तंत्रज्ञान उद्यानालगतची गृहनिर्माण वसाहत यांसाठी खासगी विकासकांना जमिनी दिल्या गेल्या. शासन येथे नियंता आणि जमिनीचा व्यापारी अशा दुहेरी भूमिकेत होते. सार्वजनिक हेतूसाठी शेतकऱ्यांकडून घेतलेल्या जमिनीवर महागडी घरे कशी उभी राहतात, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. प्रशासकाच्या सल्लागाराशी झालेले मतभेद चव्हाट्यावर आले, आणि लेखापरीक्षणात या व्यवहारांवर ताशेरे ओढले गेले. रॉड्रिग्स यांनी आपल्या प्रकल्पांची बाजू सोडली नाही. व्यक्तिगत लाभाचा कोणताही आरोप त्यांच्यावर न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण विधानसभा असती तर हे प्रश्न जमीन देण्यापूर्वी सभागृहात विचारले गेले असते. ते नंतर लेखापरीक्षकांना आणि न्यायाधीशांना विचारावे लागले.

२२ जानेवारी २०१० रोजी त्यांच्या जागी लातूरचे शिवराज पाटील आले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तंत्रज्ञान उद्यानाच्या विस्तारासाठी मनीमाजरा परिसरात केलेले भूसंपादन रद्द केले. जमीनमालकांच्या हरकती गांभीर्याने विचारात घेतल्याच गेल्या नाहीत, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. तोवर रॉड्रिग्स पदावरून दूर होऊन जवळजवळ तीन वर्षे लोटली होती. वयाच्या ८८ व्या वर्षी गोव्यात त्यांचे निधन झाले.