ब्रह्मदेशाचे दानपात्र आणि आपला बांबू



वर्षावासात पौर्णिमेला आपल्या आयाबहिणी स्टीलच्या डब्यात खीर घेऊन विहारात येतात. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, भिक्खू संघाचे भोजन परंपरेने ज्या पात्रातून नेतात त्याला सून-ओक म्हणतात. खाली बैठक, आत भात-भाजीची तबके आणि वर स्तूपाच्या शिखरासारखे निमुळते झाकण. लाल-सोनेरी रंगामुळे ते धातूचे वाटते, पण उचलले की हलके लागते. कारण आत असतो साधा बांबू!

इरावती नदीकाठचे बगान या कामासाठी प्रसिद्ध आहे. १९२४ साली तेथे या कलेची सरकारी शाळा निघाली. कारागीर बांबूच्या पातळ कामट्यांचा सांगाडा करतात, त्यावर थित्सी नावाचा झाडाचा चीक लावतात. चिकात राख कालवून फटी बुजवायच्या, तळघरातल्या दमट हवेत वाळवायचे, घासायचे, पुन्हा थर द्यायचा. चांगल्या भांड्याला कित्येक महिने लागतात. लाल रंग हिंगुळाचा, वर सोन्याचा वर्ख.

आपण याला लाखकाम म्हणतो खरे. पण आपली लाख किड्यापासून मिळते, थित्सी झाडापासून. हे झाड आपल्या मेळघाटातल्या बिब्याच्या कुळातले. बिब्याचा रस काळा आणि अंगावर उततो. थित्सीही हवेत काळी पडते आणि कातडीला फोड आणते. कारागीर हे सोसून दानपात्र घडवतो.

या देशाचे आपल्यावर ऋण आहे. १९५४ च्या डिसेंबरात परमपूज्य बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. तेथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांना धम्मदीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थविरही मूळचे ब्रह्मदेशाचेच.

आता आम्हाला सांगायचे ते असे. आपल्या गावगाड्याने सुपे-टोपल्या विणणाऱ्या हातांना खालचे मानले. टोपली घरात घेतली, विणणाऱ्याला ओसरीखाली बसवले. तिकडे त्याच बांबूला संघाचे अन्न वाहण्याचा मान मिळाला. बांबू तोच, फरक पडला तो माणसाच्या नजरेत.

म्हणून आम्हाला वाटते, येत्या वर्षावास समाप्तीला अमरावती-अकोल्याच्या विहारांत फळे-फुले बांबूच्या टोपल्यांतून यावीत. टोपल्या आपल्याच भागातल्या कारागिरांकडून, घासाघीस न करता, पूर्ण दामाने घ्याव्यात. आणि भोजनदानाच्या दिवशी त्या कारागिरांनाही आपल्या पंगतीत मानाने बसवावे.