मेरिदेची न्याहारी



व्हेनेझुएला देशाच्या पश्चिम भागांत आंदीज पर्वताची एक शाखा शिरली आहे. तिच्या कुशींत मेरिदा हें शहर वसलेलें आहे. थंडीनें हात गारठलेले असतां तेथील लोक सकाळीं एक ऊन ऊन सार पितात. त्याला 'पिस्का' म्हणतात. बटाटा, दूध, अंडें, कोथिंबीर आणि चीज एवढाच त्याचा संसार. हें सार म्हणजे डोंगरी लोकांचा परंपरागत ठेवा, असें तिकडे मानतात. हा ठेवा नक्की कोणाचा, हें आज आपण त्या वाडग्यांतच शोधूं.

प्रथम कृति सांगतों, म्हणजे पुढील इतिहास पचावयास सोपा जाईल. बटाटे सोलून त्यांच्या लहान फोडी करतात आणि त्या पाण्यांत किंवा कोंबडीच्या रश्श्यांत, पातीचा कांदा, लसूण व मीठ घालून शिजवितात. घाई येथें उपयोगाची नाहीं. मेरिदेहून वर मुकुचीएस या गांवीं गेलें तर उंची सुमारें ३,००० मीटर भरते. तेथें पाणी १०० ऐवजीं सुमारें ९० अंशांवरच उकळतें, म्हणून बटाटा मऊ होण्यास वेळ लागतो. फोडी शिजल्या कीं दूध ओतावयाचें आणि आंच मंद करावयाची. मग अंडीं एकएक फोडून, पिवळा बलक न मोडतां, अलगद सारांत सोडावयाचीं. पांढरें आवळून आलें कीं वाडग्यांत चीजचे तुकडे टाकून त्यावर सार वाढतात. वर मूठभर कोथिंबीर. शेजारच्या कोलंबियांत बोगोटाकडे 'चांगुआ' नांवाची याची एक बहीण आहे. तिच्यांत दूध, अंडें, पातीचा कांदा आणि पाव असतो, पण बटाटा नसतो.

आतां या मंडळींचीं कुळें पाहूं. स्पॅनिश लोकांनीं मेरिदा १५५८ सालीं वसविली. त्यापूर्वीं त्या डोंगरांत गाय नव्हती, कोंबडी नव्हती. कांदा, लसूण, कोथिंबीर हींही नव्हतीं. म्हणजे 'परंपरागत' साराचा बराचसा भाग जहाजांतून उतरलेला! मूळचा रहिवासी एकटा बटाटा. तिमोतो-कुइका नांवाचे तेथील लोक डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें बांधीत, पाट काढून पाणी देत आणि बटाटा पिकवीत. त्यांच्याही फार पूर्वीं, हजारों वर्षांमागें, दक्षिणेस तितिकाका सरोवराच्या आसमंतांत या कंदाची लागवड सुरू झाली होती.

स्पॅनिश शिपायांना बटाटा प्रथम ओळखतां आला नाहीं. १५३७ सालीं हिमेनेस दे केसादाची टोळी आजच्या कोलंबियांतील पठारावर पोंचली. तेव्हां त्यांना तो जमिनींत वाढणाऱ्या भूछत्रासारखा वाटला. पुढें ओळख पटली तरी मान मिळाला नाहीं. तें 'इंडियनां'चें अन्न ठरलें. पोतोसी येथें १५४५ सालीं रुप्याची खाण सांपडली. तेथें मजुरांचें पोट भरे तें गोठवून वाळविलेल्या बटाट्यावर, ज्याला 'चुन्यो' म्हणतात. धन्याच्या पंगतींत मात्र गव्हाचा पाव. ज्याच्यावर साम्राज्याची चांदी निघाली, त्यालाच ताटांत जागा नाहीं, हा न्याय मला तरी विलक्षण वाटतो.

कोंबडीचें येणेंही निव्वळ प्रेमाचें नव्हे. पेरूंतील कराच्या याद्यांत धान्य-कापडाबरोबर कोंबड्या आणि अंडींही आहेत. कर भरावयाचा म्हणून कोंबड्या पाळावयाच्या, आणि घरीं राहील तें आपल्या चुलीवर चढवावयाचें! तिमोतो-कुइकांची भाषा तर पुढें साफ लोपली. मुकुचीएस, मुकुरुबा, मुकुबाही अशा गांवांच्या आणि सरोवरांच्या नांवांत 'मुकु' एवढा तिचा अवशेष उरला आहे. आणि त्या शेतांतला बटाटा.

आपल्याकडे हें सारें उलटें झालें, ही मौजेची गोष्ट आहे. कोथिंबीर आपली फार जुनी. बटाटा मात्र पोर्तुगीजांबरोबर आलेला पाहुणा, आणि तोही उसन्या नांवाचा. 'बताता' हा कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांचा शब्द, आणि तोही रताळ्याचा! पोर्तुगीजांनीं तो या कंदाला चिकटविला व आपण त्याचा बटाटा केला. मेरिदेंत आजही त्याला 'पापा' म्हणतात; तो पेरूंतील केचुआ भाषेंतला शब्द आहे.

पिस्काबरोबर 'आरेपा' खातात, तिचें सांगावयाचें राहिलें. ही तव्यावर भाजलेली भाकरी व्हेनेझुएलांत सर्वत्र मक्याची असते आणि ती तेथील मूळच्या लोकांची. मेरिदेच्या थंड खोऱ्यांत स्पॅनिशांनीं गहूं पेरला, तेव्हां तेथल्या बायकांनीं त्याचीही आरेपाच केली. पातळ, गोल, गव्हाची ती आरेपा मोडून लोक सारांत बुडवितात आणि मग शेतावर निघतात.