जाळं कशाला तरी चिकटायला हवं

माझ्या लहानपणीचा सगळ्यात आवडता गेम मी घरी एकदाही खेळलेलो नाही. घरी होता तो त्याच नावाचा दुसराच गेम.

2004 साल. सॅम रेमीचा 'स्पायडर-मॅन 2' नुकताच येऊन गेला होता आणि आमच्या वर्गात अर्धी पोरं मनगट उलटं करून एकमेकांवर जाळं फेकत होती. त्या सिनेमावरचा गेम आलाय असं कळलं. मी पैसे साठवले, सीडी आणली, घरच्या कॉम्प्युटरवर टाकली. स्पायडर-मॅन होता, उंच इमारती होत्या. पण झोका घ्यायचा तर ठरावीक जागीच. तिथे माउसनं क्लिक करायचं, की स्वारी आपोआप निघाली. दोन दिवसांत कंटाळलो. पण सीडीवर पैसे घातले होते, त्यामुळे शाळेत सगळ्यांना 'एक नंबर आहे' असंच सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे गेलो. मावसभावाकडे प्लेस्टेशन 2 होता आणि त्यावर तोच गेम लावलेला. निदान नाव तरी तेच होतं. त्यानं एका गच्चीवरून उडी मारली, जाळं फेकलं, आणि मी विचारलं, "दादा, क्लिक कुठे केलंस?" तो म्हणाला, "क्लिक कशाला? समोर बिल्डिंग आहे ना."

त्या वाक्यात या गेमचा सगळा इतिहास आहे. कसा, ते सांगतो.

स्पायडर-मॅनचा पहिला व्हिडिओ गेम 1982 मध्ये अटारी 2600 या यंत्रासाठी आला. तो लॉरा निकोलिच यांनी बनवला. चित्रं अगदी चौकोनी ठोकळ्यांची. एक उंच इमारत, वर ग्रीन गॉब्लिन आणि एक बॉम्ब, आणि खालून जाळं फेकत चढणारा आपला नायक. जाळं इमारतीला चिकटलं तर वर, हुकलं तर खाली. यंत्राची ताकद अगदीच तुटपुंजी होती, पण नियम पक्का होता.

गंमत म्हणजे यंत्रं मोठी झाली आणि नेमका हाच नियम हरवला. 2000 साली नेव्हरसॉफ्ट या कंपनीनं केलेला प्लेस्टेशनवरचा गेम गाजला. पण त्यात जाळं जायचं सरळ आभाळात. वर काही असो वा नसो, दोरी लटकलेली. खाली रस्ता दाखवणं यंत्राला झेपणारं नव्हतं, म्हणून गोष्टीतच शहरावर धुकं पसरवून टाकलं होतं. 2002 मध्ये पहिल्या सिनेमावरचा गेम कॅलिफोर्नियातल्या ट्रेआर्क स्टुडिओनं केला. त्यातही जाळं आभाळालाच.

पुढच्या गेमच्या वेळी ट्रेआर्कमधल्या जेमी फ्रिस्ट्रम या प्रोग्रॅमरनं हट्ट धरला, की जाळं खऱ्या इमारतीला चिकटलं पाहिजे. त्यानं तशी कच्ची प्रतिकृती करून दाखवली. 2001 मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो 3' येऊन गेला होता. अख्खं शहर खेळाडूच्या हवाली करता येतं हे त्यानं दाखवून दिलं होतं. म्हणून इथेही अख्खं मॅनहॅटन आलं, आणि त्यातली प्रत्येक भिंत झोक्याच्या कामाची झाली.

हे म्हणजे घड्याळाच्या लंबकाचं गणित. दोरी बांधली कुठे यावर झोका ठरतो. लांब दोरी, मोठा झोका. अगदी तळाशी वेग सर्वांत जास्त. तिथे दोरी सोडली तर पुढे फेकले जाता, थोडं थांबून चढावर सोडली तर उंच जाता. उडीचं बटण दाबून धरून नेमक्या क्षणी सोडायचं. उंच इमारतींच्या गल्लीत तुम्ही राजे. इमारती ठेंगण्या झाल्या की झोकाही ठेंगणा. पहिले तासभर आम्ही फक्त भिंतींवर आपटत होतो. शिकवणीचा आवाज होता ब्रूस कॅम्पबेलचा, आणि तो मदत कमी, टोमणे जास्त मारायचा. पण संध्याकाळी कधीतरी हाताला लय सापडली, आणि मग जेवायला उठवायला मावशीला तीनदा यावं लागलं.

बाकीचा गेम काही फार थोर नव्हता. त्याच त्याच चोऱ्या, तीच मारामारी, फुगा सुटला म्हणून रडणारं तेच पोर. पिझ्झा पोचवण्याचं काम आठवतं: घड्याळ चालू, मागे 'फुनिकुली फुनिकुला'ची उडती इटालियन चाल, आणि जगाला वाचवणारा माणूस पाव-चीजसाठी धावतोय. पण कामांत मजा नव्हतीच. मजा होती एका कामापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यात. गेम बनवणारे सहसा हा मधला प्रवास टाळायला बघतात. इथे प्रवास हाच गेम होता.

घरी परतल्यावर मी मित्रांना सांगितलं, की आपल्या सीडीतला गेम खरा नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. ठेवणार कसा? 'एक नंबर' म्हणणारा मीच होतो. कॉम्प्युटरवरचा गेम वेगळ्याच स्टुडिओनं, लहान मुलांना झेपेल असा सोपा करून बनवला होता, हे मला खूप वर्षांनी कळलं. सोपा करताना त्यांनी आपटण्याची शक्यता काढून टाकली होती, आणि तिच्याबरोबर उडण्याचीही.

ही चूक पुन्हाही झाली. 2012 च्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'मध्ये जाळं परत आभाळात गेलं. 2018 मध्ये इन्सोम्नियाक स्टुडिओच्या गेममध्ये ते पुन्हा इमारतींवर उतरलं. तो गेम ऑगस्ट 2022 मध्ये कॉम्प्युटरवर आला. त्याची चित्रं इतकी सुंदर आहेत, की जुना गेम शेजारी ठेवला तर पुठ्ठ्याचा वाटेल.

तो सुरू झाल्यावर मी गोष्ट पुढे नेलीच नाही. जाळं फेकलं, कॅमेरा वर फिरवला, आणि दोरीचं दुसरं टोक शोधलं. इमारतीच्या कोपऱ्याला चिकटलेलं होतं. त्याचा फोटो काढून मावसभावाला पाठवला. तो आता दोन मुलांचा बाप आहे. त्याचं उत्तर आलं, "क्लिक कुठे केलंस?"