जात्याला घाई चालत नाही

गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नाला गंगाखेडला गेलो, तेव्हा लॅपटॉप सोबतच होता. रात्री रिलीज होतं आणि निम्मे बग शिल्लक होते. अंगणात बायका जात्याला हळकुंड बांधून हळद दळत होत्या. गंमत म्हणून त्यांनी मलाही खुंट्याला बसवलं. मी जोरजोरात फिरवायला लागलो, तशी आजी म्हणाली, "आरं, कशाला एवढी घाई करायलास? जाडं पडायलंय."

जात्याचं गणित सोपं आहे. तोंडात मूठभर दाणे घालायचे, ते दळून झाले की पुढची मूठ. एकदम जास्त घातले तर भरड निघते. रिकामं फिरवलं तर दगडावर दगड घासून कच पिठात येते. वेग जातं ठरवतं, आपण नाही.

संत जनाबाई या गंगाखेडचीच. परंपरा सांगते की वडिलांनी तिला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. संत नामदेव (१२७०–१३५०) त्याच घरातले. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण्या! तिचा अख्खा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा होता. आपण निदान सुट्टीचा अर्ज तरी टाकतो.

तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत. त्यांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, शेण्या वेचतो. काम संपल्यावर मिळणारा निवांत वेळ तिच्याकडे नव्हताच. म्हणून तिने देवालाच कामात ओढलं.

पण याचा अर्थ 'मुकाट राबा' असा नाही. हीच जनी एका अभंगात विठोबाला चक्क शिव्या घालते. शांत असणं वेगळं, गप्प बसणं वेगळं.

जनीनंतरही शेकडो वर्षं बायका पहाटे जात्यावर बसून ओव्या गात राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी फिरून अशा लाखभर ओव्या जमवल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे आणि सासुरवासही आहे. जे घरात बोलता येत नव्हतं, ते जात्यापाशी बोलता यायचं. पिठाची गिरणी आली आणि ते रोजचे कष्ट सुटले, हे चांगलंच झालं. आजीलाही ते परत नकोत.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि आधी टीम लीडला मेसेज केला: आज चारच बग होतील, बाकीचे परवापर्यंत. हे मला दोन दिवसांपासून माहीत होतं, सांगायची हिंमत नव्हती. दहा मिनिटं उत्तर आलं नाही. मग फोन आला. थोडं ऐकून घ्यावं लागलं, पण तारीख पुढे गेली.

मग मी यादीतला पहिला बग उघडला. बाकीचे बंद केले. एका वेळी एक मूठ.