जव्हार-मोखाडा तालुक्यांतील गोवर लसीकरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जव्हार संस्थान १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी जव्हार व मोखाडा हे तालुके नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आदी आदिवासी समाजांच्या या डोंगराळ प्रदेशातील बालमृत्यूंची चर्चा प्रामुख्याने कुपोषणाच्या अंगाने झाली. त्याच प्रश्नाशी निगडित असलेल्या गोवर लसीकरणाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लसीकरणाची वाटचाल :
गोवराची लस अमेरिकेत १९६३ साली वापरात आली. भारतात १९७८ साली सुरू झालेल्या विस्तारित लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नव्हता. १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तो झाला. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी संपूर्ण राज्याचे लक्ष वेधले. गोवर हा शरीरातील 'अ' जीवनसत्त्वाचा साठा घटवितो आणि त्यामागून न्यूमोनिया व अतिसार उद्भवतात. त्यामुळे कुपोषित बालकास तो अधिक घातक ठरतो. २०१० पासून देशात लसीची दुसरी मात्रा देण्यास प्रारंभ झाला, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात ९ महिने ते १५ वर्षे वयोगटासाठी गोवर-रुबेला मोहीम राबविण्यात आली.

टक्केवारीची मर्यादा :
नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांनाच संरक्षण मिळते. म्हणजेच १०० पैकी ९० बालकांना ही मात्रा मिळाली, तरी सुमारे ७६ बालके सुरक्षित होतात व २४ असुरक्षित राहतात. एक रुग्ण १२ ते १८ असुरक्षित व्यक्तींना बाधित करू शकत असल्याने साथ रोखण्यासाठी दोन्ही मात्रांचे प्रमाण किमान ९५ टक्के असावे लागते. पहिल्या मात्रेची ९० टक्के नोंद समाधानकारक वाटली, तरी ती पुरेशी नाही.

स्थलांतर आणि धोका :
दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे भिवंडी, वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. गोवराचा जोरही हिवाळा व उन्हाळ्याच्या प्रारंभीच अधिक असतो. जामसरसारख्या गावातील बालकाचे नाव गावच्या नोंदवहीत राहते. मात्र दुसऱ्या मात्रेच्या वेळी, म्हणजे १६ ते २४ महिने वयात, ते बालक भट्टीवर असू शकते. तेथील यंत्रणेच्या यादीत त्याचे नाव असतेच असे नाही. २०२२ साली मुंबईतील गोवंडी, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. यांपैकी भिवंडी हे या कुटुंबांचे रोजगाराचे ठिकाण होय. परतणाऱ्या कुटुंबासोबत संसर्ग पाड्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता म्हणूनच दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष :
लस उपलब्ध होण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. लस बालकापर्यंत वेळेवर पोहोचण्याचा प्रश्न शिल्लक आहे. लसीकरणाची मोजणी गावनिहाय होते, साथीचा धोका मात्र स्थलांतराच्या वाटेने प्रवास करतो. दिवाळीपूर्वी पाडानिहाय तपासणी, बालकासोबत लसीकरण कार्ड आणि वीटभट्टीवर लसीकरण सत्रे यांची सांगड घातल्याखेरीज केवळ टक्केवारी वाढल्याने हा धोका टळणार नाही.